वडगावचा सेंटर फील्डर

खोली बघायला गेलो त्या दिवशी घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला, मागाच्या खोलीच्या दारात ते उभे होते. तिथूनच त्यांनी वरच्या खोलीची किल्ली माझ्याकडं फेकली. किल्ली माझ्या हाताला लागली आणि खाली पडली.

"हात खाली न्हेलासा," ते तिथूनच ओरडले. "छातीच्या वरनं यायलंय म्हटल्यावर बोटं वर पाहिजेत. असू दे. खोली तुमचीच."

मी मूळचा निपाणीचा. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी भागातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आणि राहायला वडगावात आलो, कारण तिथं जागा स्वस्त होती. स्वस्त का होती ते पहिल्याच सकाळी कळलं. खाली यंत्रमाग. ते सुरू झाले की माझ्या खोलीतली पाण्याची बादली थरथरायची, पाण्यावर बारीक गोल गोल रेघा उमटायच्या. त्या आवाजात गल्लीतली माणसं निवांत झोपतात, जेवतात, भांडतात. मलाही पुढं सवय झाली. सुटीत निपाणीला गेलो की शांततेनं झोप लागेना.

घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. मीही तेच म्हणायला लागलो. वय फार नव्हतं, चाळिशीच्या आसपास. उंच, सडपातळ, खांदे मात्र एखाद्या पैलवानाकडनं उसने आणल्यासारखे. डोक्यावर रंग उडालेली टोपी. पहिल्या आठवड्यात मी रीत म्हणून विचारलं, "अण्णा, तुम्ही काय करता?"

"सेंटर फील्डर," ते म्हणाले.

"आणि हे माग?"

"माग घरचा हाय. मी सेंटर फील्डर."

मला वाटलं, गंमत करतायत. नंतर कळलं की अण्णा गंमत करतच नाहीत. ते बेसबॉल खेळले होते, आणि हौसेखातर नव्हे, पगार घेऊन खेळले होते. मैदानाच्या मागच्या भागात तिघं उभे असतात. डावा, उजवा आणि मधला. मधला तो सेंटर. सगळ्यात मोठा मुलूख त्याचा. उंच उडालेला चेंडू जमिनीवर टेकायच्या आत पकडायचा आणि लांबून सुतासारखा सरळ फेकायचा, हे त्याचं काम. आमच्या भागात हा खेळ बघितलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. त्यामुळं अण्णांचा मोठेपणा कुणाला मोजता येत नव्हता, आणि अण्णांनाही तो मोजून दाखवायची घाई नव्हती.

कुठलीही वस्तू हातात द्यायची नाही, फेकायची, ही त्यांची रीत. कांदे, साबणाची वडी, देवळातून आणलेला नारळ. साड्यांचे गठ्ठे ते माडीवरून थेट टेम्पोत टाकायचे आणि टेम्पोवाला वर न बघताच झेलायचा. वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, स्वयंपाकघरातनं एका हातानं भाकरी थापत दुसऱ्या हातानं लसूण झेलताना मी बघितल्यात. "लग्न झालं तवा पहिल्या दिवशी मला हळदीकुंकवाचा करंडा फेकला हो यांनी," त्या सांगायच्या. "झेलला म्हणून नांदवलं. न्हायतर परत पाठवलं असतं."

उन्हाच्या दिवसात गच्चीवर वाळवण राखायला जाताना अण्णा दोन्ही डोळ्यांखाली काजळाचा जाड पट्टा ओढायचे. खेळाडू तसं करतात म्हणे. ऊन गालावर पडून डोळ्यात उसळत नाही. गल्लीच्या दृष्टीनं मात्र एक धडधाकट बाप्या भर दुपारी काजळ लावून पापडांशेजारी उभा आहे, एवढंच दिसायचं. बाया तोंडाला पदर लावायच्या. अण्णांचं लक्ष आभाळाकडं. घारी फिरत असल्या की ते सांगायचे, ही आता त्या चिंचेवर बसणार. आणि ती तिथंच बसायची.

त्यांचं एक वाक्य होतं: "पयलं पाऊल मागं." चेंडू उडाला की नवशिका माणूस पुढं धावतो, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. मुरलेला माणूस आधी एक पाऊल मागं टाकतो आणि मग बघतो. "म्होरं पळायला कवाबी येतंय सर. मागं पळायचं शिकाय लागतंय." हे ते खेळाबद्दल सांगायचे, पण लावायचे सगळ्याला. मेव्हण्यानं उद्यमबागेत वर्कशॉप घालायचं ठरवलं तेव्हा अण्णांनी एवढंच सांगितलं: पयलं पाऊल मागं. मेव्हणा वर्षभर बोलत नव्हता. मला एक स्थळ सांगून आलं तेव्हाही तेच. मी ऐकलं नाही, लग्न केलं, आणि ठीक झालं. त्यावर अण्णा म्हणाले, "तुमचा चेंडू आखूड पडला. नशीब."

एक खोड मात्र माणसं तोडणारी होती. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंडाकडं तोंड करून बोलायला लागायचं. बोलता बोलता कुणी मान वळवली तर ते हनुवटी धरून त्याचं तोंड परत आपल्याकडं फिरवायचे. एकदा तर देवस्थानच्या पंचांचं फिरवलं. मागून हाक मारली तर वळून बघायचे नाहीत. लग्नकार्यात मांडवाच्या अगदी कडेला, सगळ्यांपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. कुणी म्हणायचं, दुबई बघून आलाय, आता आम्ही कशाला दिसतोय? ते दुबई नव्हतं. पण आमच्याकडं आखातातलं प्रत्येक गाव दुबईच. मलाही सुरुवातीला ते शिष्टच वाटले.

खरं काय ते मला एका दुपारी करंट गेला तेव्हा उमगलं. करंट गेला की वडगावात एकदम असा सन्नाटा पडतो की माणसं घाबरून बाहेर येतात. अण्णा बाहेर आले, खिशातून एक छोटं यंत्र काढलं, कानात बसवलं, आणि कट्ट्यावर बसलेल्यांना एकेक करून विचारत सुटले.

"तू सकाळी काय म्हणालतास रं?"

"कवा अण्णा?"

"सकाळी. दूध आणाय गेलतास तवा. तोंड हललं की तुझं."

"काय न्हाय हो. पाणी आलंय काय म्हणून विचारलतो."

"आलंय," अण्णा म्हणाले आणि पुढच्याकडं वळले.

अण्णांना ऐकू फार कमी यायचं. लहानपणापासून मागाच्या खोलीत. त्यांच्या वडिलांना शेवटी काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्या घरात त्याला कुणी आजार समजत नव्हतं. केस पिकतात तसे कान जातात. मागावर बोलायचं ते हातानं आणि ओठानं. धागा तुटला, सुताची कांडी संपली, चहा आला, पाहुणे आले, सगळ्याला खुणा होत्या. कानातलं यंत्र मागाच्या धडधडीत काही कामाचं नाही, उलट डोकं उठतं. म्हणून ते करंट गेल्यावरच कानात जायचं. बाकी वेळ खिशात.

बेसबॉलशी त्यांची गाठ कॉलेजात पडली. क्रीडाशिक्षकांना कुठून तरी हातमोजे आणि बॅटी मिळाल्या होत्या, पण खेळायला पोरं मिळेनात, सगळ्यांना क्रिकेट. अण्णा दगड मारून उंच झाडावरच्या कैऱ्या पाडताना सापडले. विद्यापीठाकडनं खेळले, मग राज्याच्या संघात गेले.

"दोघांच्या मधे चेंडू आला की एकानं वरडायचं," ते मला सांगत होते. "'माझा' म्हणायचं, म्हंजे दुसरा बाजूला होतंय. कॉलेजात आमी 'माझा' म्हणायचो. राज्याच्या टीममधी सगळे 'नंदु, नंदु' वरडायचे. पयल्या दिवशी मला वाटलं, नंदू नावाचा कोण तरी लई भारी प्लेयर हाय."

'नंदु' म्हणजे कन्नडात 'माझं'. कन्नड त्यांना चांगलं येत होतं, तरी ते खरंच असे फसले होते. ऐकू येणाऱ्या अर्ध्यामुर्ध्या शब्दाची पुरती जुळणी मनातल्या मनात करायची, हा त्यांचा जन्माचा उद्योग. कधी कधी चुकायचा. मैदानात मात्र चुकत नसे. बाकीचे फील्डर बॅटचा आवाज ऐकून धावतात. अण्णा बॅट फिरवणाऱ्याचा खांदा बघून धावायचे. त्यामुळं ते सगळ्यांच्या आधी निघायचे, आणि बघणाऱ्याला वाटायचं, याला चेंडू आधीच सांगून येतो.

तिशीला आले होते तेव्हा आखातातल्या एका धनवान माणसानं पगारी बेसबॉलची लीग काढली. मोठ्या शहरात निवड चाचणी झाली. अण्णा घरी शेजारच्या शहापूरला जातो सांगून गेले आणि निवडून आले. वर्षभराचा करार झाला. तिथं गेल्यावर डोळे तपासले, गुडघे तपासले, खांदे, रक्त, दात, सगळं तपासलं. कान कुणी तपासला नाही. यांनीही सांगितलं नाही. "त्येनी इचारलं न्हाय," एवढंच त्यांचं म्हणणं.

हे सगळं मला तुकड्या-तुकड्यानं कळत होतं. आखातात पुढं काय झालं, ते मात्र ते सांगत नसत. "खेळलो. आलो." विषय संपला. तो भाग कळायला वडगावची एक मॅच हरावी लागली.

टेनिस बॉलच्या क्रिकेटची स्पर्धा होती. आमच्या गल्लीच्या टीमचा एक जण आयत्या वेळी गावाला गेला. कप्तान होता कोपऱ्यावरचा औषधाच्या दुकानाचा मालक. तो अण्णांकडं आला.

"अण्णा, नुसतं उभं ऱ्हावा सीमेवर. बॅटिंग नगो, बॉलिंग नगो."

"ऱ्हातो. पण एक अट हाय."

"बोला."

"मी पळाय लागलो की शेजारचे दोघं खाली बसणार."

कप्तान हसला. "खाली म्हंजे?"

"खाली म्हंजे जमिनीवर. उकिडवं. चेंडू उडालाय, मी पळालोय, तुमी बसला. दोघांनी पळायचं न्हाय."

अण्णांचं विचित्र वागणं सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं अट मान्य झाली. आणि मग स्पर्धेला जी गर्दी व्हायला लागली ती या बसण्यासाठी. चेंडू हवेत गेला की आमची दोन माणसं पटकन उकिडवी बसायची, प्रेक्षक शिट्ट्या मारायचे, आणि त्या दोघांच्या मधून अण्णा धावत यायचे. पाठ चेंडूकडं, मान खाली, वर बघायचंच नाही. आणि मग अगदी शेवटी हात पुढं करायचे, तर चेंडू खांद्यावरून येऊन त्या हातात बसायचा. पहिल्या वेळी लोक हसत होते. दुसऱ्या मॅचला हसणं थांबलं. कॅम्पातले काही फौजी बघायला आले होते; ते उभं राहून टाळ्या वाजवायला लागले.

फायनलला सगळी गल्ली मैदानावर. शेवटची ओव्हर. समोरच्यांना एका चौकाराची गरज. त्यांच्या फलंदाजानं चेंडू उंच उडवला, अण्णा आणि कप्तान यांच्या बरोबर मध्ये. अण्णा निघाले. कप्तानानं बसायला हवं होतं, पण फायनल होती, चेंडू डोक्यावर होता आणि तोही माणूसच होता. तो धावला.

अण्णांचा झेल होता तो. दोन पावलं राहिली होती. त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून कप्तान दिसला आणि ते जागच्या जागी थांबले. नुसते थांबले नाहीत. दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. कप्तान पोहोचला नाही. चेंडू दोघांच्या मध्ये पडला, टप्पा घेऊन सीमेबाहेर गेला.

आम्ही हरलो. कप्तान अण्णांच्या अंगावर धावून गेला. "हातात आलेला चेंडू! हात बांधून उभं ऱ्हायलासा? कुणाकडनं काय घेतलंसा काय?"

हे शेवटचं वाक्य तो अण्णांच्या अगदी तोंडासमोर म्हणाला, त्यामुळं त्यांना ते नीट कळलं. "तू बसला न्हाईस," ते म्हणाले आणि घरी निघाले. गल्ली त्यांच्या मागून काय काय बोलत होती. पाठमोऱ्या माणसाला ते कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी वहिनी वर आल्या. हातात वाटी होती, सायीच्या दह्याची. त्यांनी ती ठेवली आणि उंबऱ्यातच बसल्या.

"तुमीबी तसंच समजून बसलासा काय, सर?"

मी म्हणालो, मला काहीच समजलेलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. आखातात अण्णांच्या डाव्या हाताला एक खेळाडू असायचा. वेस्ट इंडिजच्या बाजूच्या एका बेटावरचा, स्पॅनिश बोलणारा. अण्णा त्याला लेफ्ट म्हणायचे, तो यांना सेंटर. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि त्यामुळं दोघांचं फार जमायचं. अण्णा त्याला मागाच्या खुणा शिकवायचे. तो यांना केळ्याची कसली तरी भजी करून घालायचा. त्यांच्या भाषेत 'माझा' म्हणायला 'मिया' ओरडतात. वहिनींना फोनवर अण्णांनी सांगितलं होतं, हितं सगळे मियाच हाईत, बीबी एकटीच वडगावला.

हंगाम संपत आला होता. भरलेलं मैदान, भोंगे, गाणी. एक चेंडू दोघांच्या मध्ये उंच गेला. दोघंही धावले. दोघंही वर बघत होते. अण्णांचा खांदा लेफ्टच्या तोंडावर आदळला. त्याचा जबडा मोडला. तो पडला तो उठलाच नाही. मैदानातून त्याला गाडीत घालून नेलं. अण्णांना खरचटलंसुद्धा नाही, आणि चेंडू त्यांच्या हातमोज्यात होता.

"तसाच धरून बसलते म्हणं, त्येच्याजवळ," वहिनी म्हणाल्या. "कोण तरी हातातनं काढून घेतलं."

रात्रीतच ठरून गेलं की चूक लेफ्टची. तो न ओरडताच दुसऱ्याच्या चेंडूवर धावला. अण्णांनी 'मिया' म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. लेफ्टचं कुणीच ऐकलं नव्हतं. लेफ्टचा जबडा तारेनं बांधलेला, तो बोलणार कसा? त्याचा करार मोडायचं चाललं होतं, उपचाराचंही काय ते त्यानं बघावं म्हणून. अण्णांना कुणी काहीच विचारलं नव्हतं. कोचनं उलट पाठ थोपटली, तेवढ्यातही चेंडू सोडला नाहीस म्हणून.

सकाळी अण्णा कोचच्या खोलीत गेले. मोडक्या इंग्रजीत सांगितलं: लेफ्ट ओरडला होता. आधी ओरडला होता. चेंडू त्याचा होता. मला ऐकू आलं नाही, कारण मला ऐकू येत नाही.

कोचला पहिल्यांदा ते पटेना. त्यानं पाठ फिरवून अण्णांना नावानं हाक मारली. मग परत मारली. मग डॉक्टरला बोलावलं.

"आठवड्यात घरी," वहिनी म्हणाल्या. "बॅग घेऊन दारात उभं. मला वाटलं सुटी काढून आलं. हे कानातलं यंत्र तवाच टीमवाल्यांनी दिलं, निघताना." त्या उठल्या. "त्या माणसाचं तेवढं निस्तरलं. दवाखाना टीमनं केला, नोकरी ऱ्हायली. हे मात्र परत कवा खेळले न्हाईत. ह्या स्पर्धेलाच पयल्यांदा गेलते."

मी हे कप्तानाला जाऊन सांगितलं. त्याला वाईट वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी तो अंगणात आला आणि अण्णांच्या समोर उभा राहून, सावकाश, एकेक शब्द ओठानं दाखवत म्हणाला, "चुकलं माझं." अण्णांनी त्याला एक पेरू फेकला. त्याला झेलता आला नाही.

पुढं माझं लग्न झालं तरी आम्ही दोघं त्याच खोलीत राहिलो. माझी बायको पहिल्या महिन्यातच टोमॅटो झेलायला शिकली. आवाजाची सवय मात्र तिला झाली नाही. तिच्यासाठी म्हणून मी निपाणीच्या एका शाळेत बदली मागत होतो. बदली होण्याच्या थोडंसं आधीची ही गोष्ट.

एका संध्याकाळी वहिनी फोन घेऊन वर आल्या. "सर, परदेशातनं कोण तरी सारखं फोन कराय लागलंय. बाई हाय. इंग्रजी बोलतीया."

मी फोन घेतला. पलीकडं एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, माझे वडील भारतातल्या एका सेंटर फील्डरला शोधतायत. जुन्या टीममधल्या कुणाकडून तरी हा नंबर मिळाला. वडिलांना इंग्रजी येत नाही, मी सांगेन.

मी खाली जाऊन अण्णांच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "लेफ्ट."

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. मला वाटलं, कळलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणालो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग मागाच्या खोलीत जाऊन एकेक करून सगळे माग बंद केले. करंट असताना माग बंद झालेले गल्लीनं फारसे बघितले नव्हते. शेजारची दोघं-तिघं दारात येऊन उभी राहिली. अण्णा बाहेर आले, यंत्र कानात बसवलं, टोपी काढली, केस सारखे केले, टोपी परत घातली.

मुलीनं व्हिडिओ सुरू केला. पडद्यावर एक जाडसर, हसरा माणूस होता. तिकडं सकाळ होती. त्यानं अण्णांना बघितलं आणि काही बोलायच्या आधी दोन बोटं एकमेकांवर घासून तोडल्यासारखं केलं. मागावरची धागा तुटल्याची खूण. अण्णांनी मुठीवर मूठ फिरवून दाखवली: जोडलाय. दोघंही बराच वेळ असंच काहीबाही करत होते, आणि मी नि ती मुलगी आपापल्या जागी मख्ख उभे होतो.

मग त्या माणसानं हसणं थांबवलं आणि मुलीला काहीतरी लांबलचक सांगितलं. तिनं ते मला इंग्रजीत सांगितलं. मी अण्णांना समोर बसवून मराठीत सांगितलं.

तो म्हणत होता: मी आता आमच्या गावात मुलांना खेळ शिकवतो. मैदानात उभं केल्यावर पहिली गोष्ट हीच शिकवतो, की आधी ओरडा. दुसऱ्याला कळू दे. रोज हे शिकवतो आणि रोज माझ्या मनात येतं की मी त्या दिवशी ओरडलो होतो का? मला तो दिवसच आठवत नाही. सकाळचा चहा आठवतो आणि एकदम दवाखाना. सगळे म्हणाले, तू ओरडला नाहीस. फक्त तू म्हणालास, लेफ्ट ओरडला. लोक म्हणतात, तो इंडियन चांगला माणूस होता, त्यानं तुला वाचवलं, खरं काही तसं नव्हतं. मला वाचवल्याबद्दल मी आभार मानतो. पण आता कुणाचं काही जाणार नाही. मला खरं सांग. मी ओरडलो होतो?

अण्णांनी सगळं माझ्या तोंडाकडं बघत ऐकलं. माझं सांगून झाल्यावरही ते माझ्या तोंडाकडंच बघत राहिले, आणखी काही यायचं राहिलंय का म्हणून. वहिनी दारात होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

मग अण्णा फोनकडं वळले आणि मला म्हणाले, "सांगा त्येला. वरडलतास म्हणावं."

मी इंग्रजीत सांगितलं.

"दोनदा," अण्णा म्हणाले.

मी तेही सांगितलं. मुलीनं ते वडिलांना सांगितलं. तो माणूस उठला. पडद्यावरून बाजूला झाला. तिकडच्या घरात तो कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता, बहुतेक बायकोला, आणि एक भांडं कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यानं अण्णांना सलाम ठोकला, फौजी ठोकतात तसा. अण्णांनी टोपीला हात लावला. फोन बंद झाला.

शेजारची माणसं पांगली. अण्णांनी कानातलं यंत्र काढलं नव्हतं, म्हणून मी विचारून घेतलं.

"अण्णा, तुम्हाला ऐकू आलं नव्हतं ना?"

"न्हाय."

"मग ओरडताना बघितला होता त्याला?"

"चेंडू वर असताना खाली कुणाचं तोंड बघतंय माणूस? मी चेंडू बघत होतो."

"म्हणजे तुम्हाला माहीतच नाही."

त्यांनी माझ्याकडं जरा चिडूनच बघितलं, वर्गातल्या ढ मुलाकडं बघावं तसं. "सर, तो सबंध हंगाम माझ्या शेजारी हुता. न वरडता कवा आला न्हाय. मला ऐकू येईना म्हणून तो मुका झाला व्हय?"

"ते ठीक. पण दोनदा?"

"एकदाच वरडून कोण थांबतंय?" अण्णा म्हणाले.

ते माग सुरू करायला आत निघाले. वहिनींनी दारात त्यांना अडवलं आणि समोर उभं राहून विचारलं, कसा हाय म्हणून.

"बरा हाय," अण्णांनी सांगितलं. "हसताना जबडा सरळ दिसतोय आता."